उठण्याचा आकडा

शुल्कपत्र आलं तेव्हा वैजनाथ हत्तुरे वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटक्या पुस्तकांच्या पाठीला खळ लावत बसला होता. फोन थरथरला. त्याने हात फडक्याला पुसले, चष्मा चढवला आणि आकडा वाचला. मग चष्मा काढून काचा पुसल्या आणि पुन्हा वाचला. आकडा तोच होता. वर्षाला चौदा लाख साठ हजार.

त्याचा वर्षाचा पगार याहून थोडासाच जास्त होता.

पत्राच्या तळाशी एक वाक्य होतं. 'समन्याय प्रणालीने आपल्या कुटुंबाच्या परिस्थितीचा सर्वांगीण विचार करून हे शुल्क निश्चित केले आहे.' सोलापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा संदर्भ विभाग सांभाळणारा विधुर, दोन खोल्यांचं घर, एक सायकल, एक मुलगी. या परिस्थितीचा सर्वांगीण विचार करून चौदा लाख? वैजनाथने खळीची वाटी बाजूला सारली. त्या दिवशी त्याच्याच्याने आणखी एकही पुस्तक चिकटवलं गेलं नाही.

संध्याकाळी घरी पोचला तर शाल्मली दारातच उभी होती. आठवीत असताना शाळेची कूपनलिका कोरडी पडली, तेव्हापासून या मुलीच्या डोक्यात जमिनीखालचं पाणी शिरलं होतं. ते शिकवणारी चांगली संस्था एकच, पुण्याजवळची निरंजन भूजलविद्या संस्था. तिथे तिला जागा मिळाली होती, गुणांवर मिळाली होती.

"अप्पा, रेणुकाला किती आलं माहितेय?"

"किती?"

"सहा लाख दहा."

रेणुका येमूल तिची वर्गमैत्रीण. संस्था तीच, शाखा तीच, गुण शाल्मलीपेक्षा अकराने कमी. रेणुकाच्या वडिलांचं चादरींचं मोठं दुकान, ऐंशी माग आणि दारात दोन गाड्या.

"यंत्राचं काहीतरी चुकलं असेल," शाल्मली म्हणाली.

"यंत्र चुकत नसतं गं. माणसं त्याला चुकवतात," वैजनाथ म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याच्या मनात संशयाने घर केलं.

समन्याय येऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. त्याआधी महाविद्यालयाची फी सर्वांना एकच असे आणि ती दरवर्षी वाढे. दरवर्षी मोर्चे निघत, समित्या बसत, अहवाल येत, आणि फी पुन्हा वाढे. मग कुणीतरी म्हणालं, सगळ्यांना एकच फी हाच मुळात अन्याय आहे. ज्याची जशी ऐपत तशी त्याची फी असावी. ऐपत ठरवताना वशिला चालू नये, म्हणून ते काम माणसाकडे न देता यंत्राकडे द्यावं. प्रत्येक कुटुंबाची अर्ध्या तासाची मुलाखत, मग यंत्र सांगेल तो आकडा. एकाच खानावळीत प्रत्येकाला वेगळं बिल, पण न्याय्य बिल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वैजनाथनेही वाजवल्या होत्या. पण नऊ वर्षांत सरासरी फी तिपटीवर गेली होती, आणि आता मोर्चाही काढता येत नव्हता. कारण प्रत्येकाची फी वेगळी. कोण कुणाच्या फीबद्दल ओरडणार?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो येमूलांच्या दुकानात गेला. नरसय्या येमूल गादीवर बसून गिऱ्हाइकाला चादरीचा कोपरा मुठीत चुरगाळून दाखवत होते.

"या, या, हत्तुरेसाहेब! बसा की ओ. आज पुस्तकं सोडून इकडं? चादर दाखवू की सतरंजी?"

"काही नको. रेणुकाच्या शुल्काबद्दल जरा..."

"आलं ना! सहा लाख. लुटायलेत बघा नुसतं."

लाच कुणाला दिली, असं माणसाच्या तोंडावर कसं विचारायचं? वैजनाथने चादरींच्या गठ्ठ्याकडे बघत विचारलं, "पुण्यात कुणाला भेटला होतात का?"

येमूल पोट हलवत हसले. "भेटायला माणूस कुठाय तिथं? यंत्राला काय चादर पांघरू?"

"मग मुलाखतीत सांगितलंत तरी काय?"

"काय सांगणार! बसलो होतो, तेवढ्यात लग्नाच्या ऑर्डरवाल्याचा फोन आला. बाहेर जाऊन बोलून आलो. आलो तर ते यंत्र विचारायलंय, शुल्क परवडलं नाही तर काय करणार? म्हटलं, नाही तर नाही. दुकानात बसेल. पोरगी हुशार आहे, गिऱ्हाइकाशी बोलायला पक्की आहे. दोन वर्षांनी लग्न करून देऊ."

"रेणुकासमोर बोललात हे?"

"मग काय झालं? नंतर लई रडली, ते सोडा. मिळाली की सीट!"

वैजनाथने चहा घेतला, आभार मानले आणि तो बाहेर पडला. येमूलांच्या एकाही अक्षरावर त्याचा विश्वास बसला नव्हता. हा माणूस आपल्याला बनवतोय, इतकंच त्याला समजलं.

त्याने सूचनाफलकावर कागद लावला. 'ज्यांना महाविद्यालयाचे शुल्कपत्र आले आहे त्यांनी संदर्भ विभागात भेटावे. नावे गुप्त राहतील.' आधी दोघं-तिघं आले, मग रांग लागली. दहा दिवसांत ब्याऐंशी जण येऊन गेले. विडी कारखान्यातल्या बायका आल्या, रेल्वेचा एक गार्ड आला, दोन वकील आले, एक डॉक्टरीणबाई आल्या. प्रत्येकजण टेबलाशी बसून आधी आपल्या घरची परिस्थिती सांगे आणि मग आवाज खाली आणून दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेई. त्यांना कमी कसं आलं, बघा जरा, आत कुणीतरी आहे त्यांचं. म्हणजे संशय एकट्या वैजनाथलाच नव्हता. गावातलं प्रत्येक घर दुसऱ्या घराकडे डोळे बारीक करून बघत होतं.

वाचनालयात आता सगळं संगणकावर असलं तरी पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचं जुनं लाकडी कपाट वैजनाथने मोडीत काढू दिलं नव्हतं. कोरी कार्डंही भरपूर शिल्लक होती. त्याने प्रत्येक कुटुंबाचं एक कार्ड केलं, आणि दुकानात ऐकलेल्यावरून येमूलांचंही एक. वर उत्पन्न, खाली घर, गुण, संस्था, शुल्क. पुस्तकाच्या कार्डावर शेवटी टिपेसाठी एक ओळ असते. ती रिकामी सोडणं त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. म्हणून तो प्रत्येकाला शेवटी विचारी, "मुलाखतीत तुम्ही काय बोललात?" आणि जे सांगतील ते शब्दशः लिहून घेई.

मग त्याने कार्डं लावायला घेतली. उत्पन्नाप्रमाणे लावली, शुल्क वरखाली नाचत राहिलं. गुणांप्रमाणे लावली, जातीप्रमाणे लावली, मुलगा-मुलगी अशी लावली, पेठेप्रमाणे लावली. कशाचाच मेळ बसेना. वशिला असता तर कुठेतरी एखादा वकील, एखादा नगरसेवकाचा मेहुणा ठळकपणे वर आला असता. तेही नाही.

चौथ्या दिवशी वैतागून त्याने आपल्या धंद्यातली जुनी रीत वापरली. पुस्तक कशाबद्दल आहे हे मुखपृष्ठावरून ठरवायचं नसतं, टिपेवरून ठरवायचं. त्याने वरचा सगळा मजकूर हाताने झाकला आणि नुसत्या टिपा वाचून कार्डांचे गठ्ठे केले. 'दागिने मोडीन.' 'एक वेळ जेवू, पण शिकवू.' 'माझं राहिलं, तिचं झालंच पाहिजे.' अशा एकोणतीस कार्डांचा एक गठ्ठा झाला. त्यावर त्याने विषयाची चिठ्ठी लावली, 'त्याग'. दुसऱ्या गठ्ठ्याची चिठ्ठी, 'जमलं तर'. तिसऱ्याची, 'नाही तर नाही'.

मग त्याने हात काढला.

त्यागाच्या गठ्ठ्यातलं एकही शुल्क अकरा लाखांच्या खाली नव्हतं. 'नाही तर नाही' या गठ्ठ्यात एकही सात लाखांच्या वर नव्हतं. त्या गठ्ठ्यात सगळ्यात वर नरसय्या येमूलांचं कार्ड होतं. येमूल खरं बोलले होते.

वैजनाथने एक कोरं कार्ड घेतलं आणि आपलं स्वतःचं लिहिलं. चौऱ्याऐंशीवं. टिपेच्या ओळीवर हात थोडा अडखळला. मे महिन्यातली ती मुलाखत त्याला स्वच्छ आठवत होती. छाती पुढे काढून तो म्हणाला होता, 'पोटाला चिमटा काढीन, पण पोरीला शिकवीन.' शाल्मलीने तेव्हा टेबलाखाली त्याचा हात दाबला होता. चौऱ्याऐंशी कार्डांत सगळ्यात मोठा आकडा त्याचाच होता.

त्याच आठवड्यात इरावती उमराणी वाचनालयात आली. दहा वर्षांपूर्वी ही मुलगी स्पर्धा परीक्षेसाठी इथेच खिडकीजवळच्या टेबलावर अभ्यास करायची. पुढे हैदराबादला गेली. आता आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी महिनाभर आली होती. तिने फलकावरचा कागद वाचला आणि सरळ मागच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"काका, हे कार्डांचं काय चाललंय?"

वैजनाथने गठ्ठ्यांवर वर्तमानपत्र ओढलं. "काही नाही. फावल्या वेळेचा उद्योग."

"मी तीन वर्षं समन्यायला शिकवायचं काम केलंय," ती म्हणाली. "आता सोडलं."

वैजनाथ तिच्याकडे पाहतच राहिला. नेमकी आत्ताच कशी आली ही? कुणी पाठवलं हिला? पण वर्तमानपत्राखालून डोकावणारी 'त्याग' ही चिठ्ठी तिने आधीच वाचली होती.

"बरोबर शोधलंत तुम्ही," ती खुर्ची ओढून बसली. "आमच्याकडे हे कळायला दोन वर्षं लागली होती."

"म्हणजे हे मुद्दाम करतात?"

"मुद्दाम कुणीच करत नाही, तीच तर गोम आहे. तुमच्याकडे पैसे किती आहेत हे त्या यंत्राला कळत नाही, काका. उत्पन्नाचे दाखले खोटे असतात हे ते पहिल्याच वर्षी शिकलं. मग त्याला आम्ही काय दिलं, तर लाखो मुलाखती, आणि प्रत्येक मुलाखतीपुढे एक गोष्ट. कितीचं पत्र गेलं आणि त्या घराने प्रवेश घेतला की सोडला. बस. त्यावरून ते एकच ओळखायला शिकलं. समोरचं कुटुंब कुठल्या आकड्याला खुर्चीवरून उठेल. आम्ही त्याला उठण्याचा आकडा म्हणायचो. त्या आकड्याच्या जरासं अलीकडे थांबायचं आणि पत्र पाठवायचं. संस्थेची एकही जागा रिकामी राहत नाही आणि मिळण्यासारखा एकही रुपया सुटत नाही."

"पण हे ओळखतं कशावरून?"

"ते नेमकं आम्हालाही सांगता यायचं नाही. आवाज, श्वास, उत्तराआधीची थांबण्याची वेळ, बापाने लेकीकडे कधी पाहिलं, लेकीने बापाकडे कधी पाहिलं. पण सगळ्यात जोरदार खूण तुमच्या या गठ्ठ्यात आहे. आपल्याकडे उत्पन्न विचारलं तर माणूस कमी सांगतो. आणि पोरांचं शिक्षण विचारलं तर तोच माणूस छाती फुगवून सांगतो, काहीही करीन. यंत्राला छाती फुगवणं कळत नाही. त्याला 'काहीही' एवढंच कळतं."

वैजनाथने हळूच विचारलं, "फेरमुलाखत मागता येते ना? एकदा?"

"येते. पण खोटं बोलायला जाऊ नका. आता नको म्हणायचं आणि नंतर मुकाट पैसे भरायचे, असं करणारे त्याला रोज शेकड्याने भेटतात. त्यांचा आवाज त्याला पाठ आहे. उलट आकडा वाढतो."

"मग करायचं काय माणसाने?"

"खरंच उठायची तयारी पाहिजे." तिने खांदे उडवले. "आणि शाल्मलीला यातलं काही सांगू नका. ते दोघांनाही बघतं. तिचा चेहरा सांगून टाकेल."

"हे सगळं तू मला का सांगते आहेस?"

इरावती उठली. "माझ्या भाच्याचं पत्र आलंय. सतरा लाख. वहिनी मुलाखतीत काय बोलली असेल, ते मला न विचारता कळलं."

हे ऐकूनही वैजनाथचा संशय पुरता गेला नाही. त्या संध्याकाळी त्याने फोनचं नेट बंद केलं आणि तरीही तो आपलं बोलणं ऐकत असेल असं वाटून ज्वारीच्या डब्यात खोल खुपसून ठेवला. सकाळी शाल्मली डबा घेऊन आली.

"अप्पा, तुमच्या ज्वारीला गजर झालाय."

एरवी दोघं पोट धरून हसली असती. वैजनाथने नुसताच हात पुढे करून फोन घेतला. शाल्मली त्याच्याकडे पाहत राहिली. फेरमुलाखतीचा अर्ज केल्याचं त्याने तिला सांगितलं, पण तिथे काय बोलायचं ते मात्र विचारूनही सांगितलं नाही.

"माझ्यापासून काय लपवताय?"

"कुठं काय?"

"मला संशय येतोच आहे," ती म्हणाली आणि ज्वारी निवडायला बसली.

फेरमुलाखतीची खोली सात रस्त्याजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचे दोन पेले आणि समोर भिंतीवर एक निळसर पट्टी. चेहरा नाही. आवाज मात्र एखाद्या समजूतदार मुख्याध्यापकाचा असावा तसा.

"नमस्कार, वैजनाथराव. नमस्कार, शाल्मली. सावकाश बसा."

वैजनाथ वाक्यं पाठ करून आला होता. येमूलांचीच वाक्यं, थोडी बदलून. इथलं कॉलेज काय वाईट आहे. मुलीची जात, उद्या लग्न होऊन जाईल. आठ दिवस तो सायकलवर ही वाक्यं पुटपुटत होता आणि प्रत्येक वेळी जीभ जड होत होती.

"हे शुल्क देणं शक्य झालं नाही, तर तुम्ही काय कराल?" आवाजाने विचारलं.

वैजनाथने तोंड उघडलं. पाठ केलेलं एकही वाक्य आलं नाही.

"नाही झालं तर राहील इथेच," तो म्हणाला. "इथल्या कॉलेजात जाईल-येईल. घरात माणूस राहील."

शेजारी शाल्मली हलली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"हिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच. ही शाळेत जायची तेव्हा पाच वाजेपर्यंत घर रिकामं. माझ्या सुट्टीच्या दिवशी मला त्या रिकाम्या घरात पाच वाजेपर्यंत बसवत नाही. मी वाचनालयात जाऊन बसतो, बंद असलं तरी मागच्या दाराने. आता चार वर्षं पाच वाजणारच नाहीत." शब्द आपोआप येत होते. अडत नव्हते. तेच त्याला भयंकर वाटत होतं. "पत्र आलं, आकडा वाचला, तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला. आणि मग, खरं सांगतो, जरा हायसंही वाटलं."

निळी पट्टी स्थिर होती.

"म्हणजे शाल्मली गेली नाही, तर तुम्हाला बरं वाटेल?"

"हो," वैजनाथ म्हणाला.

"धन्यवाद. आता आम्ही थोडा वेळ शाल्मलीशी एकटीशी बोलू."

तो बाहेर बाकावर जाऊन बसला. दहा मिनिटांनी ती बाहेर आली. डोळे कोरडे होते. जिना उतरताना ती त्याच्या पुढे एक पायरी चालली, घरापर्यंत तशीच पुढे चालली.

नवं पत्र तिसऱ्या दिवशी दुपारी आलं. वर्षाला पाच लाख चाळीस हजार. मान्यता उद्या पाचपर्यंत, पालक आणि विद्यार्थी दोघांच्या अंगठ्याने.

वैजनाथ सुट्टी टाकून घरी धावला. येताना त्याने कार्डांचे तिन्ही गठ्ठे पिशवीत घातले होते. जेवणाच्या टेबलावर ते मांडून त्याने तिला सगळं सांगितलं. येमूलांचं दुकान, टिपांच्या ओळी, इरावती, उठण्याचा आकडा. सांगताना त्याचा आवाज चढत गेला. कित्येक दिवसांनी त्याला मोकळं वाटत होतं.

"आता कळलं ना, मी तिथे तसं का बोललो? तुला आधी सांगता येत नव्हतं गं. तुझा चेहरा..."

"म्हणजे ते नाटक होतं?" शाल्मलीने विचारलं.

"मग काय तर!"

तिने 'नाही तर नाही' या गठ्ठ्यातलं वरचं कार्ड उचललं. येमूलांचं. ते तिने टेबलावर ठेवलं आणि त्याच्याशेजारी फोनवरचं नवं पत्र ठेवलं.

"येमूलकाका खरंच सोडून देणार होते. त्यांना सहा लाख दहा. तुम्हाला त्याहूनही कमी." ती एकेक शब्द तोलून बोलत होती. "आणि इरावतीताई म्हणाल्या, खोटं बोलणारे त्याला रोज भेटतात. त्यांचा आवाज त्याला पाठ आहे. मग तुमचा का नाही ओळखला?"

वैजनाथने कार्डांचा एक गठ्ठा उगाच नीट करायला घेतला.

"बोला ना, अप्पा. एक तर तुम्ही सोलापुरातले सगळ्यात पक्के लबाड आहात. नाही तर..."

"तुला आत काय विचारलं?" त्याने घाईने मधेच विचारलं.

"तेच. वडिलांना सोडून जावं असं वाटतं का? मी म्हटलं, आत्तापर्यंत वाटत होतं. आता नको. ज्यांनी शिकवलं त्यांनाच हायसं वाटलं असेल, तर मला जायचं नाही."

"रागाने म्हणालीस?"

"नाही. खरंच. त्या क्षणी खरंच जायचं नव्हतं."

वैजनाथ खुर्चीत बसला. आता कुठे त्याला हिशेब दिसू लागला होता. कुणाचं ऐकून यंत्राने आकडा उतरवला? त्याचं की तिचं? त्याच्या मनातल्या एका कोपऱ्याने हे शुल्क कमी केलं, की त्या कोपऱ्याने तिचं मन मोडलं म्हणून ते कमी झालं? पत्रात कारण लिहिलेलं नव्हतं. कुणाला विचारायची सोय नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आपलं आपल्यालाही नक्की ठाऊक नव्हतं. गेल्या महिनाभरात त्याने येमूलांवर संशय घेतला होता, इरावतीवर घेतला होता, यंत्रावर, संस्थेवर, स्वतःच्या फोनवर घेतला होता. ज्याच्यावर घ्यायला हवा होता तो माणूस रोज सकाळी दाढी करताना आरशात दिसत होता.

"ते वाक्य खरं होतं," तो म्हणाला. "हायसं वाटल्याचं. पाठ केलेलं वेगळंच होतं, हे आपसूक आलं. पण पोटात गोळा आला तोही खरा होता, शालू. गोळा आधी आला."

"किती आधी?"

"काय?"

"गोळ्यात आणि हायसं वाटण्यात किती वेळ गेला?"

त्याने खरंच आठवून पाहिलं. "चष्मा पुसून परत वाचला, तेवढा."

शाल्मलीच्या ओठांची कड हलली, पण ती हसली नाही. तिने फोन त्याच्याकडे सरकवला.

"मग आता सांगा. इथे यंत्र नाही. जाऊ की राहू?"

"जा."

ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. डोळे, कपाळ, ओठ, पुन्हा डोळे. वैजनाथच्या मनात आलं, ही अशीच बघायची लहानपणी, खोकल्याचं औषध कडू नाही म्हटलं की.

"जा गं," तो पुन्हा म्हणाला. "जमिनीखालचं पाणी शोध. मी काय, मागच्या दाराने जाऊन बसीन वाचनालयात."

"पत्र पूर्ण वाचलंत?"

"आकडा वाचला."

"सवय आहे तुमची. खालचं वाचा."

त्याने चष्मा चढवला. तळाशी बारीक अक्षरात एक नवीन ओळ होती. 'हे शुल्क केवळ प्रथम वर्षासाठी आहे. द्वितीय वर्षाचे शुल्क निश्चित करण्यासाठी पालक व विद्यार्थी यांची नव्याने मुलाखत घेतली जाईल.'

"चार वर्षं," शाल्मली म्हणाली. "दर जूनमध्ये त्या खोलीत जायचं आणि त्याला पटवायचं की आपण उठायला तयार आहोत. मी तिथे वर्ष काढल्यावर मला ते जमायचं नाही, अप्पा. माझ्या तोंडावर लिहिलेलं असेल, मला इथेच राहायचंय म्हणून. मग सगळं तुमच्यावर. तुम्ही काय सांगाल त्याला पुढच्या वर्षी? जमेल खोटं बोलायला?"

वैजनाथने चष्मा काढला. या वेळी काचा पुसल्या नाहीत.

"पुढच्या वर्षी मी तुझ्याशिवाय एक वर्ष काढलेलं असेल," तो म्हणाला. "तेव्हा खोटं बोलावं लागणार नाही."

बाहेर शेजारच्या मागाची खडखड थांबली. पाळी संपली होती. शाल्मलीने कितीतरी वेळ त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही, आणि त्यानेही वळवली नाही. तिला तिथे काय सापडलं, ते तिने सांगितलं नाही. तिने फोन आपल्याकडे ओढला, अंगठा टेकवला आणि मग त्याचा हात धरून त्याचाही अंगठा पडद्यावर ठेवला.